धोतरावरचा रस्ता

ज्या डब्यातून वास बाहेर येत नाही, त्या डब्यात उजेडही शिरणार नाही, असं माझं साधं गणित होतं. म्हणून मी बायकोचा हिंगाचा डबा उचलला. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, तिच्या माहेरून आलेला. आतलं हिंग टाकून कसं द्यायचं? फळीवर एक स्टीलची डबी दिसली. तळाशी कसलीशी तपकिरी पूड होती. मसालाच असणार, असं म्हणून मी हिंग तिच्यात ओतलं आणि डब्याला सुईनं भोक पाडायला बसलो. मला त्या डब्याचा कॅमेरा करायचा होता. भिंग नाही, बटण नाही. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला फोटोचा कागद, बस्स.

कॅमेरा झाला. पण त्या स्टीलच्या डबीत शोभाचा चहाचा मसाला होता, सुंठ आणि वेलची.

शोभाला त्या दिवशी सर्दी होती, नाक बंद. चार वाजता तिनं चहा केला. एक कप समोरच्या खोलीत तिच्या वडलांना दिला, एक मला. मी घोट घेतला आणि तुळशीच्या कुंडीपर्यंत पळालो. तोंड धुऊन समोरच्या खोलीत डोकावलो, तर मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कप रिकामा.

"मामा, चहा कसा होता?" मी भीत भीत विचारलं.

त्यांनी पडल्या पडल्या टोपी सारखी केली. "बेस होता की," म्हणाले.

मला हसू आवरेना. शोभाला मात्र हसू आलं नाही. आधी तिनं हिंगाच्या डब्यावरून माझी यथासांग पूजा केली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमाला कळंना का? आबा झरीत सोताच्या घरी असते तर कप फेकून दिला असता. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस हाय तो. हितं हिंगाचा चहा गुमान प्यायलेत. लेकीच्या घरी हायत म्हणून."

ती म्हणाली ते डोक्यात राहिलं. पण त्याआधी मी कोण आणि घरात असले उद्योग का करतो, ते सांगायला पाहिजे.

परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फोटोचं दुकान होतं. पंचवीसेक वर्षं चाललं. बाहेरच्या लोकांना वाटतं, फोटो काढणं म्हणजे कला. असेल. मी मात्र 'मान सरळ, हनुवटी खाली, हलू नका' एवढ्या तीन वाक्यांवर संसार केला. दुकानात एक काळा कोट होता, कुणाच्याच मापाचा नसलेला. बारीक गिऱ्हाइकाला पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. जाड गिऱ्हाइकासाठी पाठीची शिवण उसवून ठेवली होती. परभणीच्या कितीतरी घरांत भिंतीवर अजून तो कोट आहे. पुढून साहेब, मागून बुजगावणं.

एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी एकजण बैल घेऊन आला. बाहेर उजेडात काढू म्हटलं, तर नाही. "त्या पडद्याफुडं काढा," म्हणाला. आमचा पडदा काश्मीरचा, तळ्यात नाव वगैरे. बैलाला आत घेतलं. त्यानं कुंडीतली प्लास्टिकची फुलं खाल्ली, पण पोज झकास दिली. फोटो धुऊन आला तर बैल एकदम रुबाबदार आणि मालकाचे डोळे मिटलेले. मी म्हटलं, पुन्हा काढून देतो. तो म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. त्याचे उघडे हायत न्हवं?"

मग लोकांच्या खिशात मोबाइल आले. दुकान बंद करून मी सगळं सामान जिंतूर रोडच्या आमच्या घरी आणलं. अधूनमधून बारशाचं, वाढदिवसाचं काम येतं, एखादा पासपोर्ट फोटोवाला वाट चुकून येतो. बाकी वेळ मोकळा. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत मी स्वतःला बघायचं होतं म्हणून एकही फोटो काढला नाही. त्याची चुटपुट लागली आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. झाऱ्यातून बॅटरी मारली की भिंतीवर उजेडाची नक्षी पडते. ताटात पाण्यावर तेलाचे थेंब सोडून खाली रंगीत ओढणी ठेवली की आकाशातले ग्रह दिसतात. पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद चुरगाळून मागे धरला की उजेडाचे गोल गोल दिवे दिसतात. शोभा म्हणते, आमच्या घरातली भांडी दोन पाळ्यांत राबतात.

अशात मामा आले.

मामांनी तीस वर्षं काळीपिवळी जीप चालवली. परभणी, झरी, जिंतूर आणि परत. आत बसलेले, मागे लोंबकळलेले, टपावरचे, सगळे त्यांना 'आबा' म्हणायचे. सासूबाई गेल्यावर झरीला एकटेच राहत होते. अंगणात पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन परभणीत झालं आणि दवाखान्यातून ते सरळ आमच्याकडे आले. यायला तयार नव्हते. शोभानं रडून आणलं.

हाडाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हाड जुळायलं. पण महिनाभरात हे वॉकर धरून उभे राहिले नाहीत, तर मग राहणार नाहीत. पायाचा पंजा खाली-वर करायचा, रोज. आणि धरून उभं करायचं."

पंजा हलवा म्हटलं की मामा म्हणायचे, "पाय ऐकंना." आणि धरून उभं करायचं कुणी? शोभा अंगानं काडी. तिच्यानं ते उचलत नव्हते. मी पुढे झालो की मामा पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे, टोपी चाचपायचे आणि माझ्याच घरात मला म्हणायचे, "या, जावईबापू. बसा."

एकदा दाराआडून ऐकलं. शोभा त्यांना समजावत होती, "आबा, धरू द्या की ह्येंला. कोण बघायलंय?"

मामा म्हणाले, "बाई, लग्नात ज्येचे पाय म्या धुतले, त्येच्या हातात माझा पाय देऊ का?"

लग्नात ते पाय धूत होते तेव्हा मी फोटोवाल्याकडे बघत होतो, एवढंच मला आठवतं. त्या ताम्हणातल्या पाण्याचा असा हिशोब मामांनी मनात ठेवला असेल, असं कुणाला वाटलं होतं!

आणखी एक. त्यांच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते आणि हा रस्ता झरीचा. ओळखीचे लोक दिवसभर जाणार-येणार. लेकीच्या घरी खाटेवर पडलेलं कुणी बघू नये म्हणून त्यांनी खिडकी बंद करून घेतली होती. लाकडी फळ्यांची जुनी खिडकी. भर दुपारी खोलीत दिवेलागण. तीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस रस्त्यापासून चार हातांवर, भिंतीकडे तोंड करून.

एका दुपारी त्या खोलीच्या माळ्यावर फोटोच्या कागदाचं जुनं पाकीट शोधत होतो. स्टुलावरून उतरताना समोरच्या भिंतीवर एक फिकट डाग दिसला. डाग हलला. त्यातून काहीतरी तांबडं सरकत गेलं. त्याच क्षणी बाहेरून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला.

मी खिडकीशी गेलो. कडीचा एक स्क्रू कधीतरी पडला होता. तिथलं भोक.

आता हे काय, ते नीट सांगतो, कारण मलाही ते त्या दिवशीच नीट कळलं. उजेड सरळ चालतो. भोक बारीक असेल तर वरून येणारा उजेड त्यातून शिरून खाली जातो, खालचा वर जातो. म्हणून आत अंधार असेल तर बाहेरचं सगळं समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. कॅमेरा म्हणजे दुसरं काही नाही, एक अंधारी डबी. जन्मभर मी त्या डबीच्या बाहेर उभा होतो. आज चक्क आत होतो, आणि सासऱ्यांसकट.

"मामा, थोडा अंधार करू का?"

"घर तुमचं हाय," मामा म्हणाले.

फटींना जुन्या छत्रीचं काळं कापड लावलं. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून त्याला हरभऱ्याएवढं गोल भोक पाडलं आणि तो स्क्रूच्या जागी बसवला. चित्र आलं, पण भिंत हिरवी, सगळं शेवाळल्यासारखं. पांढरं काहीतरी पाहिजे. शोभाकडे पलंगपोस मागितला.

"हिंग झालं, छत्री झाली. आता पलंगपोसाला हात लावून तर बघा!"

मी मुकाट्यानं परत आलो. खाटेवरून आवाज आला, "माझं धोतर घ्या. पिशवीत धुतलेलं हाय."

मामा आपण होऊन माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

धोतर भिंतीवर ताणून चार खिळ्यांना अडकवलं. दार लावलं. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं जातात. मग हळूहळू धोतरावर जिंतूर रोड उतरला. आभाळ खाली, रस्ता वर. समोरचं लिंबाचं झाड छताला टांगल्यासारखं. रसवंतीचं चाक उलटं फिरतंय आणि त्याच्या घुंगरांचा आवाज मात्र आपल्या पाठीमागून येतोय. वरच्या वर एक ऑटो पाल चालावी तसा सरकत गेला. मी थक्क. पंचवीस वर्षं हा धंदा केला, आणि तोंड उघडं टाकून बघत होतो.

मामांनी मानेखालची उशी वर ओढली. मग एक टेम्पो आला.

"भरलेला हाय," ते म्हणाले. "ओझ्यानं खालचे पाटे कुरकुरायलेत, ऐका. कापूस हाय. देवगाव फाट्याकडनं यायलाय."

"उलटं दिसतंय मामा, तुम्हाला दिशा कशी कळली?"

"उलटा दिसला म्हणून काय झालं? रस्ता त्योच हाय न्हवं?"

तेवढ्यात धोतरावर एक शेळी आडवी आली. नेमकी टेम्पोच्या पुढे. आणि पांघरुणाखाली मामांचा उजवा पाय खट्कन खाली गेला.

ब्रेक!

शेळी वाचली. मी पांघरुणाकडे बघत राहिलो. जो पाय डॉक्टरांचं ऐकत नव्हता, लेकीचं ऐकत नव्हता, तो शेळीचं ऐकत होता.

मी पाय पाहिलाच नाही असं दाखवलं. हे शहाणपण धंद्यातलं. माणसाला 'हसा' म्हटलं की असलेलं हसू पळून जातं. शोभाला तेवढं गुपचूप सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दाराशी उभी राहून त्या पांघरुणाकडे बघत राहिली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

मग रोजच सुरू झालं. आमचं घर पूर्वेकडे तोंड करून. दुपारनंतर ऊन घराच्या मागून येतं आणि समोरचा रस्ता उजळतो. चार वाजले की मी खोलीत अंधार करायचा आणि मामांनी गाडी काढायची. उजवा पाय ब्रेक, अ‍ॅक्सिलेटर. डावा क्लच. मी शेजारी स्टुलावर.

"मामा, कडेनं सायकल!"

"दिसली."

"मामा, म्हातारी—"

"जावईबापू, क्लीनरनं एवढं बोलायचं नसतंय."

अंधारात असं. आणि खिडकीवरचं कापड काढलं की पुन्हा टोपी, पुन्हा पांघरूण, पुन्हा "या, बसा." जावई आणि सासरा उजेडातले. अंधारात आम्ही ड्रायव्हर आणि क्लीनर.

मला त्या धोतरावरच्या रस्त्याचा फोटो काढायचा मोह झाला. उजेड फार कमी, म्हणून कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून अर्धा मिनिट उघडा ठेवला. फोटो आला, पण त्यात रस्ता रिकामा. लिंब होता, रसवंती होती, एकही गाडी नाही. मामांना दाखवला.

"गाड्या कुटं गेल्या?"

"चालणारं यात उमटत नाही, मामा. इतक्या सावकाश काढलेल्या फोटोत फक्त थांबलेलंच येतं."

मामांनी फोटो परत दिला. "मंग म्या येईन ह्यात," म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी गाडी चालवली नाही. पाय पांघरुणाखाली तसेच पडून राहिले. डॉक्टरांच्या महिन्यातले आठच दिवस उरले होते, आणि माझ्या त्या शहाण्या उत्तराबद्दल मला स्वतःचे कान उपटावेसे वाटत होते. बैलाचे डोळे उघडे आणि मालकाचे मिटलेले, तसं हे झालं. फोटो बरोबर आणि माणूस बिघडला.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी सवयीनं अंधार केला. मामा भिंतीकडे बघत नव्हते. शोभा स्वयंपाकघरात होती. धोतरावर एक माणूस आला, एक खांदा पाडून चालणारा, हातात पिशवी. आमच्या घरासमोर थांबला. मामांची मान भिंतीकडे वळली.

"किसन," मामा म्हणाले.

किसनमामा म्हणजे याच रस्त्यावर दुसरी काळीपिवळी चालवणारे. तीस वर्षं दोघांनी एकमेकांचे पाशिंजर पळवले आणि संध्याकाळी एका ताटात जेवले. उलटे किसनमामा आमच्या बंद खिडकीकडे बघत होते. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एक पाऊल पुढे आले. पुन्हा खिडकीकडे बघितलं. मग वळले.

"मी बोलावतो," मी उठलो.

"नका," मामा म्हणाले. मग घाईनं, "चालला का? बघा, चालला का त्यो?"

किसनमामा रसवंतीच्या बाकावर टेकले होते. रस पिऊन निघून जाणार, हे दिसत होतं.

"रस घ्यायलेत," मी म्हणालो.

मामांनी पांघरूण बाजूला केलं. टोपीला हात लावला नाही. अंधारात त्यांचा हात माझ्या दिशेनं आला, आणि ते म्हणाले, "धरा. पाय बी धरा, खाली घ्या. बघायलात काय? किसन जाईल!"

मी त्यांचे दोन्ही पाय हातात घेतले. हलके होते. जमिनीला लावले, काखेत हात घातला आणि उभं केलं. मामांच्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली. ती त्या हाडाला होती की मला, हे मी विचारलं नाही. वॉकर पुढे, पाय मागे, मी कडेला. खोलीतून ओट्यापर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. मला त्यात जिंतूर गाठल्यासारखं वाटलं.

ओट्यावर उजेडात आल्यावर त्यांनी डोळे बारीक केले आणि हाक मारली, "किसन्या!"

किसनमामांनी ग्लास तसाच बाकावर ठेवला. पिशवी विसरून ते रस्ता ओलांडून आले. जवळ येऊन वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आरं, झरीत तर लोकांनी तुला खांदा देऊन टाकला! म्हणलं, लेकीला भेटून जावं. खिडकी बंद बघून माझं पाऊलच उचलंना. आन तू हितं हुबा?"

"मेली आसंल तुझी गाडी," मामा म्हणाले. त्यांनी वॉकर घट्ट धरला. मग जाणाऱ्या-येणाऱ्या अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लेकीच्या घरी हाय मी. जावयानं हुबा केलाय. ये, चहा पिऊन जा. पिशवी आण आधी तुझी!"

इकडे आत काय झालं, ते मला नंतर कळलं. शोभा मामांचा चहा घेऊन खोलीत गेली. अंधार, आणि खाट रिकामी. तिच्या हातातून बशी पडली. मग तिचं लक्ष धोतराकडे गेलं. आमचा ओटा रस्त्याकडे पुढे आलेला असल्यामुळे त्याचं टोक चित्रात येतं. धोतरावर, वरच्या अंगाला, पाय वर आणि डोकं खाली असे तिचे आबा उभे होते. शेजारी उलटा मी, त्यांच्या दंडाला धरून.

जन्मभर मी फोटोच्या बाहेर उभा राहिलो. त्या दिवशी आत होतो, आणि फोटो काढायला कुणी नव्हतं. तो फोटो माझ्याकडे नाही, याचं वाईट वाटतं. शोभा म्हणते, तिच्याकडे आहे. आणि दाखवत नाही.

किसनमामा तासभर बसले. पिशवीतून शेंगा निघाल्या. मामा खुर्चीवर, ओट्यावरच. रस्त्यानं जाणारा झरीचा जो माणूस हात करेल त्याला हे दोघं चहाला बोलवायला लागले, म्हणून शोभाला तीनदा आधण ठेवावं लागलं. तिसऱ्या खेपेचा कप मामांनी तोंडाला लावला, थांबले, आणि घराच्या दिशेनं ओरडले, "शोभे! चहा हाय का गरम पाणी? दूध घालायला इसरलीस का?"

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खिडकी उघडली. कापड काढलं, धोतर उतरवून घडी घातली. शोभा कपबशा गोळा करत होती. मधेच थांबली, माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले आणि ओठ दाबून धरलेले.

"ऐकलंत न्हवं?" ती म्हणाली. "चहाला नावं ठेवली माझ्या. आता उद्या मुद्दाम हिंगाचाच करते. बघू कसे गुमान पितेत ते!"